गावची शाळा आणि गावचे अर्थकारण : कावेरी खोऱ्याचा धडा

(पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



तंजावर जिल्ह्यात पापनाशम तालुक्यामध्ये, कुंभकोणमपासून काही कोसांवर, वेट्टार नदीच्या काठी तिरुक्करुगावूर नावाचे गाव आहे. गर्भरक्षाम्बिका देवीच्या देवळामुळे या गावाचे नाव तमिळनाडूच्या बाहेरही पोहोचलेले आहे. मूल व्हावे म्हणून आलेल्या स्त्रीला येथे तूप देतात. बाळंतपण सुखरूप पार पडावे म्हणून आलेल्या गर्भवतीला एरंडेल देतात. दूरदूरच्या स्त्रिया या देवळात येतात. त्यांच्या श्रद्धेची थट्टा करण्याचे कोणालाही कारण नाही. ज्या समाजात गरीब स्त्रीचे बाळंतपण शतकानुशतके जीवनमरणाचा प्रश्न होते, त्या समाजात ही भीती आणि ही आशा दोन्ही खऱ्याच असणार.

परंतु मूल जन्माला आल्यावर पुढे काय? त्याने पोटभर जेवावे, अक्षर ओळखावे, बापाच्या वेठीचा वारसा त्याच्याकडे येऊ नये, यासाठी गावाने आणि राज्याने कोणती व्यवस्था उभी केली? या प्रश्नाचे उत्तर देवळात मिळत नाही. ते सार्वजनिक शाळेत मिळते, किंवा कोठेच मिळत नाही.

देवळामुळे गावाला काय मिळते, हे कोणीही सांगेल: फुलवाल्यांना गिऱ्हाईक, खाणावळींना धंदा, बसगाड्यांना उतारू. शाळेमुळे काय मिळते असे विचारले, तर मात्र 'ज्ञान', 'संस्कार' असे शब्द ऐकू येतात. ते चूक नाहीत. पण त्यांनी हिशेब होत नाही. आणि शाळेचा हिशेब कष्टकऱ्यांनी मांडला नाही, तर तो सत्ताधारी वर्ग मांडतो. त्याच्या वहीत शाळा फक्त खर्चाच्या बाजूला असते. म्हणून सार्वजनिक शाळेचे तिच्या गावाला असलेले आर्थिक मूल्य नेमके कशात आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

वेठ आणि पाटी

कावेरीचे खोरे हे दक्षिणेचे भाताचे कोठार. मेट्टूर धरण 1934 साली पूर्ण झाले. 12 जूनला धरणाचे पाणी सोडावयाचे, कुरुवै पीक घ्यावयाचे, मागून सांबा आणि ताळडी, असा या खोऱ्याचा क्रम ठरून गेला. पाण्याअभावी काही वर्षी तो चुकतो, पण गावाचे पंचांग त्यावरच बेतलेले आहे. शाळाही जूनमध्येच उघडतात. एकाच महिन्यात शेत मजुराच्या मुलाचे हात मागते आणि शाळा त्याचे डोके मागते. या दोन मागण्यांमधला झगडा हाच तंजावरच्या खेड्यांचा शैक्षणिक इतिहास होय.

भाताच्या या कोठारात भात पिकवणारा माणूस 'पण्णैयाळ' होता. आपल्याकडील सालगड्याहूनही अधिक बांधला गेलेला. मिरासदाराच्या शेतावर तो राबे, त्याची बायको राबे आणि त्याचे पोर मिरासदाराची गुरे वळी. मुलाचे बालपण हे मिरासदाराच्या दृष्टीने बिनपगारी मजुरीच होते. त्यातील बहुसंख्य दलित. चाबकाचे फटके आणि शेणाचे पाणी पाजणे या तेथील सर्रास शिक्षा. 1940 च्या दशकात पक्षाने पाठविलेले कॉम्रेड बी. श्रीनिवास राव हे कानडी मुलखातून आलेले कार्यकर्ते या भागात गेले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेल्या किसान चळवळीने या शिक्षा बंद पाडल्या आणि मजुरीचे करार घडवून आणले. 1952 साली सरकारला तंजावरच्या कुळांच्या व पण्णैयाळांच्या संरक्षणाचा कायदा करणे भाग पडले.

हा लढा किती महाग पडला, तेही लक्षात ठेवले पाहिजे. 25 डिसेंबर 1968 च्या रात्री कीळवेण्मणी येथे 44 दलित शेतमजुरांना, त्यांतही मुख्यतः स्त्रियांना व मुलांना, झोपडीत जिवंत जाळण्यात आले. मागणी होती भाताच्या रूपातील मजुरी थोडी वाढवून मिळावी एवढीच. आरोपी जमीनदार 1973 साली उच्च न्यायालयातून सुटले.

शाळेच्या चर्चेत हा इतिहास आणण्याचे कारण उघड आहे. ज्या माणसाला आपल्या मजुरीचा करार वाचता येत नाही, मापात किती भात पडले हे लिहून ठेवता येत नाही, त्याची मजुरी कागदावर वाढली तरी पदरात पडत नाही. लढ्याने मिळवलेले टिकवण्यासाठी अक्षर लागते. गावच्या शाळेचे पहिले आर्थिक मूल्य हे आहे.

मराठी राजांची अन्नछत्रे

तंजावर म्हटले की मराठी वाचकाच्या मनात अभिमान जागा होतो. 1676 च्या सुमारास व्यंकोजींनी तेथे राज्य स्थापिले. 1798 ते 1832 या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले आणि अनेक छत्रे चालविली. या छत्रांत वाटसरूंना अन्न मिळे, विद्यार्थ्यांना शिकविले जाई, अनाथ मुलांचा सांभाळ होई. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र प्रसिद्ध आहे. अन्न आणि अध्ययन यांची सांगड तेथे घातली गेली होती, ही गोष्ट मोलाचीच.

मात्र ही छत्रे जमिनीच्या उत्पन्नावर चालत आणि ते उत्पन्न शेतावर राबणाऱ्यांच्या घामातून येई. भात पिकवणाऱ्याचा घाम दानधर्म म्हणून परत येई, हक्क म्हणून नव्हे. आणि तोही सर्वांच्या वाट्याला सारखा येत नसे. दान देणाऱ्याची मर्जी फिरली किंवा राज्य गेले की दान आटते. सार्वजनिक शाळा आणि छत्र यांत हाच मूलभूत फरक आहे.

तीन तासांची शाळा आणि दुपारचे जेवण

स्वातंत्र्यानंतरही हा हक्क सहजासहजी मिळाला नाही. 1953 साली मद्रास राज्याचे मुख्यमंत्री राजाजी यांनी प्राथमिक शिक्षणाची नवी योजना आणली. मुलांनी दिवसातून तीन तास शाळेत बसावे आणि उरलेला वेळ घरचा धंदा शिकावा, असा तिचा मथितार्थ होता. पैसा अपुरा आहे, एकाच इमारतीत दोन पाळ्यांची मुले बसतील, असा काटकसरीचा युक्तिवाद त्यामागे होता. पण जातीच्या समाजात घरचा धंदा म्हणजे काय? न्हाव्याच्या मुलाने वस्तरा धरावा, पण्णैयाळाच्या मुलाने मिरासदाराची गुरे वळावीत, एवढाच त्याचा अर्थ. राज्यभर विरोध उसळला. राजाजी पायउतार झाले आणि त्यांच्या जागी आलेल्या कामराज यांनी 1954 मध्ये ती योजना रद्द केली.

कामराज यांच्याच कारकीर्दीत, 1956 च्या सुमारास, शाळेत दुपारच्या जेवणाची योजना राज्यभर आकार घेऊ लागली. मद्रास शहराच्या पालिकेने 1920 सालीच आपल्या शाळेत असा प्रयोग केला होता. 1 जुलै 1982 पासून एम. जी. रामचंद्रन यांच्या सरकारने तिला पोषक आहार योजनेचे व्यापक रूप दिले. सरकारी तिजोरी फुंकली जात आहे, अशी टीका तेव्हा झाली. पुढे 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातील सर्व सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला, तेव्हा तिजोरी फुंकणारी म्हणून हिणवलेली योजनाच देशाचा आदर्श ठरली. 2022 च्या सप्टेंबरमध्ये मदुराईहून तमिळनाडूने सकाळच्या न्याहारीचाही आरंभ केला; 25 ऑगस्ट 2023 रोजी ती राज्यातील सर्व सरकारी प्राथमिक शाळांना लागू झाली.

हिशेबाच्या पाच बाबी

आता प्रत्यक्ष हिशेब मांडू.

पहिली बाब अन्नाची. समजा, एका मजूर कुटुंबातील दोन मुले वर्षाचे 200 दिवस शाळेत जेवतात. म्हणजे 400 जेवणे घरच्या चुलीवरून उतरली. न्याहारी धरली तर 800. लावणी आणि कापणी यांच्या मधल्या महिन्यांत, जेव्हा मजुराला काम नसते आणि सावकाराचे दार ठोठवावे लागते, तेव्हा या जेवणाची किंमत बाजारभावाने मोजता येत नाही. ती न काढलेल्या कर्जाने मोजावी लागते.

दुसरी बाब रोजगाराची. शाळेतील शिक्षक, आहार केंद्राची संघटक, स्वयंपाकीण, मदतनीस यांचे वेतन गावात व जवळच्या बाजारात खर्च होते. वाण्याचे दुकान, शिंप्याचे यंत्र, सायकल दुरुस्तीची टपरी यांवर तो पैसा फिरतो. भाताचा पैसा वर्षातून दोनदाच येतो आणि त्यातला मोठा भाग जमिनीच्या मालकाकडे जातो. शाळेचा पैसा दर महिन्याला येतो, आणि पाऊस पडो वा न पडो येतो.

तिसरी बाब आईच्या वेळेची. सहा तास मूल सुरक्षित आहे व जेवलेले आहे, ही खात्री असेल तरच आई पूर्ण दिवसाच्या मजुरीला जाऊ शकते. भाताची लावणी ही मुख्यतः स्त्रियांचीच मजुरी. शाळेचा दरवाजा उघडा असणे म्हणजे आईच्या मजुरीचा दरवाजा उघडा असणे.

चौथी बाब प्रौढांच्या मजुरीची, आणि वर्गदृष्ट्या हीच सर्वांत महत्त्वाची. जोपर्यंत निम्म्या मजुरीत राबणारी मुले उपलब्ध आहेत, तोपर्यंत मालक मोठ्यांची मजुरी वाढवीत नाही. मुले श्रमबाजारातून निघून शाळेत बसली की मोठ्या मजुराचा हात वर येतो. श्रमशक्तीच्या मूल्यात मजुराची मुले वाढविण्याचा व त्याला कामाचे कसब शिकविण्याचा खर्चही मोडतो, हे मार्क्सने दाखवून दिले आहे. तो खर्च समाजाने सार्वजनिक शाळेद्वारे उचलला, तर मजुराच्या हाती पडणाऱ्या मजुरीतून तो कापला जात नाही. या अर्थाने सार्वजनिक शाळा ही मजुरीचाच एक भाग आहे, सामूहिक स्वरूपात दिलेला.

पाचवी बाब इमारतीची. 26 डिसेंबर 2004 ची त्सुनामी नागपट्टिणमच्या किनाऱ्यावर कोसळली. 16 नोव्हेंबर 2018 रोजी गज चक्रीवादळाने वेदारण्यमपासून खोऱ्यातील नारळबागांपर्यंत धूळधाण उडविली. अशा वेळी बेघर माणूस पहिल्यांदा शाळेच्या पक्क्या छताखाली येतो. लसीकरण तेथेच, मतदान तेथेच. जातीची वेस न ओलांडता गावातील सर्वांना जेथे शिरता येते, किंवा जेथे शिरण्याचा हक्क तरी सांगता येतो, अशी इमारत अनेक खेड्यांत एकच असते.

कुंभकोणमची आग

असे असताना कष्टकरी आईबापसुद्धा फी भरून खासगी शाळेकडे का वळतात, हा प्रश्न टाळता येणार नाही. सरकारी शाळेत शिक्षक कमी पडतात, इंग्रजीचे आकर्षण वाढलेले असते आणि पिवळी गाडी दाराशी येते. मग मजुरीतून फी जाते, गाडीभाडे जाते. गावात फिरू शकणारा पैसा शहरातील संस्थाचालकाकडे जातो.

या व्यापाराचे टोक कुंभकोणमने पाहिले आहे. 16 जुलै 2004 रोजी तेथील एका खासगी व्यवस्थापनाच्या शाळेत आग लागली. एकाच अरुंद आवारात तीन शाळा भरत होत्या. माथ्यावर शाकारलेले छप्पर होते आणि दुपारचे जेवण शिजवण्याची जागा त्याच आवारात होती. स्वयंपाकघरातील ज्वाळा छपराला भिडल्या आणि 94 बालके मृत्युमुखी पडली. 2014 साली तंजावरच्या न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरविले व अकरा जणांना सोडले. 2017 साली उच्च न्यायालयाने शिक्षाही कमी केल्या.

या घटनेतून सोयीचा धडा काढणे सोपे आहे. पण प्रामाणिकपणे पाहिले, तर दोष केवळ नफ्याचा नव्हता. यांपैकी एक शाळा सरकारी अनुदान घेत होती; मान्यता देणारे आणि तपासणी करणारे अधिकारी सरकारचे होते. राज्याने शाळा दुसऱ्याच्या हाती सोपविली आणि देखरेखही सोडली. सार्वजनिक पैसा आहे पण सार्वजनिक नियंत्रण नाही, ही स्थिती किती घातक असते, हे त्या 94 चिमुकल्या प्रेतांनी सांगितले. म्हणूनच केवळ सरकारी पाटी लावलेली शाळा ही पक्षाची मागणी असू शकत नाही. पक्के छप्पर, पुरेसे शिक्षक, स्वतंत्र स्वयंपाकघर आणि पालकांची देखरेख असलेली शाळा, हीच मागणी असली पाहिजे.

'शिकलेला गाव सोडतो'

एक आक्षेप नेहमी घेतला जातो. शाळा शिकलेला मुलगा गावात राहत नाही. तिरुप्पूरच्या कापड गिरण्यांत, चेन्नईत किंवा आखातात जातो. मग गावाला काय मिळाले? आक्षेपात तथ्य आहे. शाळा जमीन वाटून देत नाही आणि कारखानाही उभा करीत नाही. जमिनीच्या व रोजगाराच्या प्रश्नाची जागा शाळा घेऊ शकत नाही.

परंतु न शिकलेलाही गाव सोडतोच. तो मुकादमाच्या उचलीवर, वीटभट्टीवर जातो. फरक एवढाच की शिकलेला आपल्या अटींवर काही बोलू शकतो. इंडोनेशियाने तेलाच्या पैशातून 1973-74 ते 1978-79 या काळात 61,000 प्राथमिक शाळा बांधल्या. एस्थर डुफ्लो यांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले की, दर हजार मुलांमागे बांधलेल्या एकेका शाळेमुळे त्या पिढीची मजुरी सुमारे 1.5 ते 2.7 टक्क्यांनी वाढली. आकडा दिसायला लहान आहे. पण तो आयुष्यभराच्या मजुरीवर लागू होतो.

राज्याने ठरविले तर हा लाभ वाढवता येतो. तमिळनाडूने 2020 च्या कायद्याने वैद्यकीय प्रवेशांत सरकारी शाळांत शिकलेल्यांसाठी 7.5 टक्के जागा राखल्या. 2022 मध्ये सरकारी शाळांतून उच्च शिक्षणाकडे वळणाऱ्या मुलींना दरमहा 1,000 रुपये देण्यास आरंभ झाला. गावच्या शाळेत नाव असणे ही कमीपणाची नव्हे, तर फायद्याची गोष्ट ठरावी, असा या उपायांचा रोख आहे.

आणि याच राज्याचा 2024-25 सालचा समग्र शिक्षा योजनेतील 2,152 कोटी रुपयांचा केंद्रीय वाटा नव्या शैक्षणिक धोरणाच्या अटी मान्य केल्या नाहीत म्हणून रोखला गेला. 2025 मध्ये राज्याला त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. राज्यांकडून कर गोळा करावयाचा आणि त्यांच्याच मुलांच्या शाळांसाठी तो परत देताना अटी घालावयाच्या, हा संघराज्याचा नव्हे, सावकारीचा व्यवहार झाला.

महाराष्ट्राचा आरसा

मराठी वाचकाला हे सारे अनोळखी वाटू नये. 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा जोतीराव फुले यांनी नेमका हाच हिशेब मांडला होता: सारा भरतो शेतकरी आणि त्याचा पैसा खर्च होतो वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर. 1917 साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला.

त्याच महाराष्ट्रात 2017 साली दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे 1,300 शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. 2023 साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी 'समूह शाळा' उभारण्याची कल्पना पुढे आली. अशा शाळांची संख्या 14 हजारांहून अधिक होती. कागदावर यात बचत दिसते. पण वाडीवरची शाळा गेली की तिच्याबरोबर दुपारच्या जेवणाचे काम करणाऱ्या बाईची मिळकत जाते, ओढा ओलांडून जाणाऱ्या मुलीची शाळा सुटते, आईचा मजुरीचा दिवस बुडतो आणि वाडीवरील एकमेव पक्के सार्वजनिक छप्पर ओस पडते. सरकारच्या वहीत जी बचत दिसते, ती वाडीच्या वहीत कर्ज म्हणून चढते. खर्च नाहीसा झालेला नसतो. तो फक्त गरिबाच्या खांद्यावर ढकललेला असतो.

सभासदांपुढील कामे

या विवेचनातून काही कामे निघतात. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असणे बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी ही समिती सरपंचाच्या कागदावर असते. शेतमजूर स्त्रिया तेथे प्रत्यक्ष बसतील, यासाठी प्रयत्न झाले पाहिजेत. शाळा बंद करण्याचा प्रस्ताव आला, तर केवळ भावनेचे निवेदन न देता वर मांडलेल्या पाच बाबींचा गावनिहाय हिशेब काढून तो ग्रामसभेत मांडला पाहिजे.

शाळेत अन्न शिजविणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न हा त्याच लढ्याचा भाग आहे. केंद्राने 2009 साली त्यांचे मानधन दरमहा 1,000 रुपये ठरविले, तेही वर्षातील 10 महिन्यांपुरते. आणि त्यानंतर दशकाहून अधिक काळ या आकड्याला हात लावला नाही. काही राज्यांनी आपल्या तिजोरीतून भर घातली, ती या स्त्रियांच्या संघटित लढ्यांमुळे. जी बाई शंभर मुलांना जेवू घालते, तिच्या स्वतःच्या मुलांना रात्री काय मिळते, हा प्रश्न शाळेच्या अर्थकारणाबाहेरचा नाही.

तिरुक्करुगावूरला येणारी स्त्री सुखरूप बाळंतपणाचे मागणे मागते. ते मागणे न्याय्य आहे. पण ते देवीपाशी संपत नाही. मुलाचे जेवण, त्याची पाटी, त्याच्या डोक्यावरचे न जळणारे छप्पर, ही त्याच मागण्याची पुढची कलमे आहेत, आणि ती पुरी करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. जे कर्तव्य आहे ते दान म्हणून स्वीकारावयाचे नसते. ते संघटित शक्तीने वसूल करावयाचे असते. कावेरीच्या खोऱ्यातील शेतमजुरांनी मजुरीच्या बाबतीत हे करून दाखविले. शाळेच्या बाबतीत ते करून दाखविणे हे प्रत्येक शाखेचे काम होय.